साहेबांची चौथी ओळ

मी कीबोर्ड बोलतोय. शुद्ध भाषेत मला कळफलक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही, आणि मारली असती तरी मी ओ दिली नसती. अंगावर एकशे दोन बटणं, त्यांतलं एक गळून पडलेलं. मागे गोल तोंडाची एक वायर, जी आता कुठल्याच यंत्रात बसत नाही. वयाचं म्हणाल तर आमच्यात दहा वर्षं झाली की म्हातारा म्हणतात. मी विशी ओलांडली आहे.

बरीच वर्षं मी एका कपाटावर, जुन्या रजया आणि एका मोडक्या छत्रीच्या शेजारी पडून होतो. माझी काही तक्रार नव्हती. तिथून अख्खं घर दिसायचं, टीव्ही दिसायचा, आणि अंगावर कुणी चहा सांडत नसे. तोंड उघडायची वेळ आली ती गेल्या महिन्यात साहेब गेले म्हणून.

साहेब म्हणजे कोण, हे सांगायला नको. ज्यांच्या कंपनीचा संगणक तुमच्या शाळेत होता आणि ज्यांच्या कंपनीचा फोन आता तुमच्या उशाशी असतो, ते. गेल्या महिन्यात जो तो ‘आमचे साहेब, आमचे साहेब’ करत होता. करू दे बापडे. पण माझा हक्क थोडा जास्त आहे. साहेबांनी माझ्यावर बोटं आपटलेली आहेत.

माझा जन्म त्यांच्याच कारखान्यातला. एका लांब पट्ट्यावरून माझं रिकामं अंग पुढे सरकत होतं आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका त्यात एकेक बटण बसवत होत्या. अगदी शेवटी बसलेल्या बाईंचं काम प्रत्येक बटण एकदा दाबून बघायचं. मला दाबताना त्या शेजारणीला आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगत होत्या, तरी एकही बटण त्यांच्या हातून सुटलं नाही. माणसांचं तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे असू शकतो, हे मी जन्मल्या जन्मल्या शिकलो.

खोक्यातून बाहेर आलो तो थेट कंपनीच्या मुख्य कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर. खोली अगदी साधी. चार टेबलं, एक पाण्याचं पिंप, आणि खिडकीबाहेर पलीकडच्या इमारतीची भिंत. दारावर पाटी नव्हती, पण सगळे त्या खोलीला ‘पेटी’ म्हणायचे. त्याचं असं झालं होतं, की साहेबांनी एकदा भर सभेत सांगून टाकलं, ‘कुणाची काही तक्रार असेल तर मला थेट लिहा, मी स्वतः उत्तर देईन.’ लोकांनी ते मनावर घेतलं. तीन दिवसांत एवढी पत्रं येऊन पडली की साहेबांना जेवायला फुरसत मिळेना. शब्द तर देऊन बसले होते. मग तिसऱ्या मजल्यावर चार माणसं बसवली आणि ती साहेबांच्या नावाने उत्तरं लिहू लागली.

याला लबाडी म्हणाल तर मी वाद घालणार नाही. मीही सुरुवातीला तेच म्हणत होतो. पण त्या लबाडीतही साहेबांचे दोन नियम कडक होते. आलेलं पत्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, मग ते दहा पानी का असेना. आणि उत्तर तीन ओळींच्या वर जाऊ द्यायचं नाही. ‘तीन ओळींत सांगता येत नसेल, तर काय सांगायचंय तेच आपल्याला कळलेलं नाही,’ असं ते म्हणायचे. चौथी ओळ दिसली की स्वतःच्या हाताने खोडून टाकायचे, ती कितीही गोड असली तरी.

मी आलो ताईंच्या वाट्याला. वयाने त्या तिथे सगळ्यांत मोठ्या नव्हत्या, पण सगळे त्यांना ताईच म्हणायचे. नखं आखूड कापलेली, डाव्या हातात एक सैल अंगठी, ती माझ्या कडेला सारखी टिचकायची. एखादं पत्र वाचून झालं की त्या हात माझ्यावर नुसते ठेवून बसत. दाबत काहीच नसत. मग एकदम लिहायला घेत आणि तीन ओळी झाल्या की थांबत.

एका आजीबाईंनी एकदा लिहिलं होतं, तुमच्या यंत्राने माझ्या नातवाचे सगळे फोटो गिळले. ताईंनी उत्तर दिलं: ‘चूक आमची आहे. उद्या आमचा माणूस येईल, फोटो मिळेपर्यंत तो तुमच्या घरातून हलणार नाही. मिळाले की त्यातला एक मलाही पाठवा.’ आजीबाईंनी खरंच पाठवला. दात पडलेल्या त्या पोराचा फोटो पुढे कितीतरी वर्षं पाण्याच्या पिंपावर चिकटवलेला होता. त्याच्याकडे बघत बघत आमची चारही माणसं पाणी प्यायची.

साहेब तसे मवाळ नव्हते. खालच्या मजल्यावर त्यांचा आवाज चढला की वर माझी बटणं थरथरायची. भल्याभल्यांना त्यांनी एका वाक्यात घरी बसवलं होतं, आणि त्यांतल्या काहींची चूकही नव्हती. हे मी लपवणार नाही. पण संध्याकाळी सात वाजता ते हातात बिस्किटांचा पुडा घेऊन पेटीत यायचे तेव्हा वेगळे असायचे. बाकीचे तिघे सहाला निघून गेलेले असत. अवघड पत्रांची उत्तरं ताईंकडे असत, म्हणून ताई थांबत. साहेब शेजारच्या स्टुलावर बसून ती उत्तरं मोठ्याने वाचत, बिस्किटं खात, आणि चुरा सांडत माझ्यावर. त्यातला काही अजून माझ्या पोटात आहे.

“ताई, हे मीच लिहिलंय असं मला वाटायला लागलंय हो,” एकदा ते म्हणाले.

“मग खाली नाव तुमचंच आहे, साहेब,” ताई म्हणाल्या. दोघंही हसले. त्या दिवशी घरी निघताना ताईंनी माझ्यावर फडकं टाकलं ते सुद्धा गुणगुणत.

या सगळ्याची एक दुसरी बाजू होती आणि तिचं नाव बिट्टी. ताईंची लेक, तेव्हा दहा वर्षांची. तिचे बाबा मालट्रक चालवायचे, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. शाळा सुटली की बिट्टी शेजारच्या काकूंकडे राहायची, तिथेच जेवायची. ताई घरी पोचेपर्यंत ती काकूंच्या पलंगावर झोपलेली असायची आणि ताई तिला खांद्यावर टाकून आणायच्या. हे मला कळायचं, कारण ताई कधीकधी घड्याळाकडे बघत आणि त्यांची बोटं माझ्यावर चुकीच्या जागी पडत.

अशाच एका संध्याकाळी साहेब आले तेव्हा ताई एक जुनी फाइल काढायला खालच्या दप्तराच्या खोलीत गेल्या होत्या. साहेब त्यांच्या खुर्चीवर बसले आणि नुकतीच आलेली पत्रं चाळू लागले. एका पत्रावर थांबले. ते शाळेच्या संगणकावरून आलेलं होतं. ‘साहेब, माझी आई तुमच्या तिसऱ्या मजल्यावर काम करते. ती घरी येते तेव्हा मी झोपलेली असते आणि मी शाळेत जाते तेव्हा ती घाईत असते. तिला लवकर सोडा. मी लिहिलं हे तिला सांगू नका, ती रागावेल.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्यावर हात ठेवले. अहो, काय ते टायपिंग! एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक, आणि दोन बोटांनी शोधून शोधून अक्षरं दाबत होता. बोटं जाड, जोर असा की मी टेबलावर सरकत होतो. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी जे राहिलं ते असं:

‘तुझं पत्र मिळालं, आईला सांगणार नाही.
उद्यापासून ती सहा वाजता निघेल.
तिच्या कामावर रागावू नकोस, ती हे काम माझ्यापेक्षा चांगलं करते.
मीही माझ्या आईची अशीच वाट बघायचो, पण पत्र लिहायचं मला सुचलं नाही.’

चार ओळी. चौथीवर त्यांचं बोट बराच वेळ खोडायच्या बटणापाशी घोटाळलं. मी श्वास रोखून होतो, म्हणजे माझ्यापरीने. मग त्यांनी उत्तर तसंच पाठवून दिलं आणि बिट्टीचं पत्र यादीतून काढून टाकलं. ताई फाइल घेऊन वर आल्या तेव्हा ते स्टुलावर बसून बिस्किट खात होते.

दुसऱ्या दिवशी खालून निरोप आला. ताईंनी सहाला घरी जायचं, सातची बैठक बंद. कारण दिलेलं नव्हतं. देणार कसं? एका दहा वर्षांच्या मुलीला शब्द दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत साहेब हट्टी.

ताईंना मात्र ते फार लागलं. संध्याकाळी पर्स उचलताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंना एवढंच म्हणाल्या, “माझ्या हातची पत्रं त्यांना नकोशी झाली, दुसरं काय.” मी तिथेच होतो. मला सगळं ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. कीबोर्डाच्या जन्माला आल्याचं दुःख मला फक्त त्या एका दिवशी झालं.

पुढची सहा वर्षं ताईंनी पेटीत काम केलं आणि चोख केलं. साहेब कधी जिन्यात दिसले तर मान हलवायचे. ताई खाली बघून निघून जायच्या. मग लोक पत्रं लिहीनासे झाले, उत्तरं यंत्रं देऊ लागली, आणि पेटी बंद झाली. आमची रवानगी भंगाराच्या खोक्यात होणार, तेवढ्यात ताईंनी मला उचलून पिशवीत टाकलं. फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, “काय नेताय, ताई?”

“माझी बोटं,” ताई म्हणाल्या. तो बिचारा गोंधळला आणि त्याने जाऊ दिलं.

अशी माझी कपाटावर वर्षं गेली. ताई वाचनालयात नोकरीला लागल्या, बाबांनी ट्रक सोडून गावातल्या गावात गाडी चालवायला घेतली, बिट्टी मोठी झाली आणि चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासू लागली. मायलेकींचं बरं चाललं होतं. तरी दोघींमध्ये कुठेतरी एक पडदा होता. साहेबांचा विषय निघाला की बिट्टी खोलीतून उठून जायची. मला वाटायचं, आईचा अपमान झाला म्हणून पोरीला राग असेल.

आणि मग त्या शुक्रवारी सकाळी बातमी आली.

ताई इस्त्री करत होत्या. टीव्हीवर साहेबांचा जुना फोटो आला, खाली दोन तारखा. ताईंनी इस्त्री उचललीच नाही, आणि बाबांच्या सदऱ्याची कॉलर जळली. तेवढ्यात शेजारचे काका चप्पल न घालताच आत आले. या काकांचा टायपिंगचा क्लास होता. साहेबांचे संगणक घरोघर पोचले आणि काकांच्या क्लासाला कुलूप लागलं. त्यानंतर ते साहेबांना लाखोली वाहिल्याशिवाय चहा पीत नसत.

“गेला,” काका म्हणाले. “माझा धंदा बसवला त्याने. आणि तरी सकाळपासून घशाखाली घास उतरत नाहीये. याला काय म्हणायचं, ताई?”

काकांनीच जळलेल्या सदऱ्यावरून इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

माणसं कुणी गेल्यावर कशी वागतात, हे मी कपाटावरून दोन दिवस बघत होतो. जो तो आपल्याकडचा साहेबांचा एखादा तुकडा घेऊन पुढे येत होता. एका न्हाव्याने सांगितलं, मी त्यांचे केस कापायचो, डाव्या बाजूला भोवरा होता. ज्याने त्यांना कोर्टात खेचलं होतं तो उद्योगपती काळा कोट घालून गहिवरला. नव्या फोनच्या नावाने बोटं मोडणारे लोक तोच फोन हातात धरून रडत होते. एकाने सांगितलं, मला त्यांनी उभ्याउभ्या नोकरीवरून काढलं, मी आलोय ते माफ करायला नाही, फक्त बघायला. तो मला सगळ्यांत खरा वाटला.

आणि सगळ्यांत जास्त गाजत होती ती साहेबांची उत्तरं. लोकांनी ती जपून ठेवली होती, कुणी पाकिटात, कुणी फ्रेम करून. एक मोठी नटी टीव्हीवर डोळे पुसत म्हणाली, “मला नाटकातून काढून टाकलं होतं तेव्हा साहेबांनी मला लिहिलं होतं. ‘भूमिका गेली, आवाज नाही. उद्या सकाळी उठून मोठ्याने काहीतरी वाचा. कुणी ऐकत नसलं तरी.’ त्या तीन ओळींवर मी उभी राहिले.”

ताईंचे ओठ हलत होते. नटी बोलायच्या आधी शब्द त्यांच्या ओठांवर येत होते. बिट्टी ते बघत होती.

“आई, हे तुझं आहे ना?”

“झालं त्याला आता खूप दिवस.”

“तुझी वाक्यं लोक त्यांच्या नावाने वाचतायत, आणि तू कॉलरी शिवत बसलीयस!”

“मग काय करू? त्यांचंच नाव होतं खाली.”

“त्यांनी तुला काय दिलं, आई? एक दिवस उठून सांगितलं, सहाला घरी जा. तूच म्हणतेस ना, तुझी पत्रं नकोशी झाली म्हणून?”

“ते माझं मी बघेन,” ताई म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. तो काही ओवला जाईना.

रविवारी मुख्य कचेरीसमोर लोक जमणार होते. माइक लावला होता. ज्याला साहेबांचं उत्तर आलं असेल त्याने येऊन ते वाचायचं. सकाळी बिट्टी खुर्चीवर चढली, मला खाली ओढलं, धुळीने तीनदा शिंकली आणि मला कापडी पिशवीत कोंबलं.

“कुठे निघालीस?” ताईंनी आतून विचारलं.

“सांगायला. ती उत्तरं साहेबांनी नाही, माझ्या आईने लिहिली म्हणून. तुला जमत नसेल तर मी सांगते. पुरावा आहे माझ्याकडे.” आणि दार आपटून ती बाहेर पडली.

ती कचेरी मी कित्येक वर्षांनी बघितली. तळमजल्याची काचेची भिंत चिठ्ठ्यांनी भरून गेली होती. खाली फुलं, भर उन्हात जळणाऱ्या मेणबत्त्या, आणि लोकांनी आणून ठेवलेली जुनी यंत्रं. माझ्या पिढीचे दोन-तीन कीबोर्डही दिसले, एकाचं तर जवळजवळ टक्कल पडलं होतं. माणसं एकमेकांना धक्का न देता रांगेत उभी होती, ही गोष्ट मला विशेष वाटली. बिट्टीच्या पुढे एक आजोबा होते, त्यांच्या पुढे दहा-बारा जण.

रांग निम्मी सरकली तेव्हा ताई पोचल्या. घरातल्या सपाता तशाच पायात, श्वास लागलेला.

“बिट्टी, चल घरी.”

“नाही.”

“अगं, या लोकांनी दहा-दहा वर्षं जपलंय ते. त्यांच्यादेखत ते खोटं आहे म्हणून सांगणार तू?”

“खोटंच आहे!” बिट्टीने पर्समधून शाळेच्या संगणकावरून छापून घेतलेला, घड्या पडून मऊ झालेला एक कागद काढला. “हे बघ. हेही तूच लिहिलंस. मी दहा वर्षांची असताना साहेबांना लिहिलं होतं, आईला लवकर सोडा म्हणून. ते पत्र तुझ्याच हातात पडलं, आणि सहाला जायचा निरोप तुला आलेलाच होता, तोच घालून तू त्यांच्या नावाने मला उत्तर दिलंस. वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतलीस. पेटीत काय चालतं ते मला तेराव्या वर्षी कळलं, आई. त्या दिवशी मी हा कागद फाडणार होते. मला जवळ घेऊन सांगायचं ना, बिट्टी, चुकलं माझं, आता लवकर येईन! त्यांच्या आडून कशाला बोललीस?”

मी पिशवीत गार पडलो. एवढी वर्षं एका छपराखाली राहून हे मला ठाऊक नव्हतं. साहेबांनी एका संध्याकाळी जे चांगलं केलं, त्याचा अर्थ आईने एक लावला, लेकीने दुसरा, आणि दोघीही आपापल्या जागी कुढत बसल्या. आता पोर माइकवर जाऊन तेच चुकीचं सगळ्या जगाला सांगणार होती. मला ओरडावंसं वाटत होतं. माझी बटणं एकमेकांवर वाजली असतील तेवढीच.

ताईंनी कागद हातात घेतला. वाचला. पुन्हा वरपासून वाचला.

“हे मी लिहिलेलं नाही.”

“आई, निदान आता तरी—”

“चार ओळी आहेत, बिट्टी.” ताईंनी एकेका ओळीवर बोट ठेवून मोजून दाखवल्या. “चौथी ओळ लिहायची आमची कुणाची छाती नव्हती. त्यांनीच खोडली असती. आणि तुझं पत्र मी कधी बघितलंच नाही गं. तू लिहिलं होतंस?”

बिट्टीने नुसती मान हलवली.

“म्हणजे मला सहाला घरी पाठवलं ते...” ताई तिथेच पदपथाच्या कडेला बसल्या आणि तो कागद छातीशी धरून रडू लागल्या. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मागून एक बाई म्हणाली, “साहेबांसाठी रडतायत बिचाऱ्या.” ते अगदी खरं होतं. तीन दिवसांत ताई साहेबांसाठी पहिल्यांदा रडत होत्या.

बिट्टी खाली बसली. तिने बाटली उघडून आईच्या हातात दिली. मग बिट्टीने हळूच विचारलं, “मग तू मला कधी रागावली का नाहीस, मी एवढी तुटक वागायचे तेव्हा?”

“मला वाटलं, मी लहानपणी वेळ दिला नाही म्हणून असेल. कोणत्या तोंडाने रागावू?”

पुढचे आजोबा इतका वेळ अवघडून उभे होते. आता ते वाकून म्हणाले, “बाई, तुमचं आवरलं असेल तर माझं एवढं वाचून दाखवाल का? चष्मा घरी राहिला. माइकवर तोंडपाठ म्हणून टाकतो.”

ताईंनी डोळे पुसून त्यांचा कागद घेतला आणि वाचू लागल्या. “‘तुमचा राग रास्त आहे, यंत्र बदलून मिळेल. चौथ्या पानावर पत्नीच्या आजारपणाबद्दल लिहून तुम्ही ते खोडलं आहे...’” इथे त्यांनी कागद खाली केला आणि आजोबांकडे बघत पुढचं म्हटलं, “‘त्या कशा आहेत, ते जरूर कळवा.’”

“तुम्हालाही असंच आलं होतं की काय?” आजोबा चकित झाले.

“नाही. हे तुमचं तुम्हालाच आलं होतं.”

“त्या दिवसांत मला असं कुणी विचारलं नव्हतं हो. घरच्यांनीही नाही.” आजोबांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. “पण मी कळवलंच नाही. ती बरी झाली नाही ना.”

ताईंनी त्यांचा हात धरला. “त्यांनी वाट बघितली होती तुमच्या पत्राची,” त्या म्हणाल्या.

आजोबा माइकवर गेले, एक ओळ विसरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बिट्टीची पाळी. तिने आईकडे बघितलं. ताई म्हणाल्या, “जा. तुला जे खरं वाटतं ते सांग. मी अडवणार नाही.”

बिट्टीने माइक धरला. “मला साहेबांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं होतं,” ती म्हणाली. “पण ते माझं घरचं आहे, वाचत नाही. मला दुसरं सांगायचंय. वर तिसऱ्या मजल्यावर चार माणसं बसायची. तुम्ही लिहिलेलं प्रत्येक पत्र तिथे शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं गेलं. खोडलेलं सुद्धा. माझी आई त्या चौघांतली एक. तुमचं म्हणणं कुणीतरी खरंच ऐकलं होतं, एवढं मी छातीठोक सांगते.”

कुणाला कितपत कळलं कोण जाणे. मागून एक जण ओरडला, “ताई, आटपा, पुढच्यांना येऊ द्या!” आणि बिट्टी हसत खाली उतरली.

मला त्या यंत्रांच्या ढिगात ठेवायचं का, असं तिने विचारलं. ताईंनी पिशवीच तिच्या हातातून काढून घेतली.

घरी आल्यावर ताईंनी ओल्या फडक्याने मला पुसलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तेव्हापासून मी तिथेच आहे. बाबा जेवताना मला सरकवतात आणि कुरकुरतात, पण उचलत कुणी नाही. आता माझा काही उपयोग नाही आणि फार दिवसही नाहीत. माझं एकच मागणं आहे. तुमच्यावर कुणी न सांगता काही उपकार केला असेल, किंवा कुणी विनाकारण दुखावलं असं वाटत असेल, तर तो माणूस आहे तोवर जाऊन विचारा. माझ्यासारख्या वायर लोंबणाऱ्या म्हाताऱ्यावर भिस्त ठेवू नका.

कारण त्या संध्याकाळी बिट्टी चहा करायला आत गेली आणि ताईंनी खुर्ची ओढून माझ्यावर हात ठेवले. तीच आखूड नखं, तीच सैल अंगठी. मग त्या टाइप करू लागल्या. समोर पडदा नाही, मागे यंत्र नाही, वायर टेबलाखाली लोंबतेय. बिट्टीने कप आणून ठेवले आणि विचारलं, “काय करतेयस गं?” ताई म्हणाल्या, “बोटं चालतात का बघतेय.” त्यांनी लिहिलेलं एक अक्षरही कुठे उमटलं नाही. ते वाचलं मी एकट्याने. माझ्याच्याने ते साहेबांना पोचवता येणार नाही, म्हणून तुमच्या स्वाधीन करतो आणि गप्प बसतो.

‘साहेब, बिट्टीचं पत्र आज मला कळलं. इतकी वर्षं मी तुमच्यावर रुसून होते. तुम्ही जिन्यात मान हलवायचात तेव्हा मी एकदा तरी वर बघायला हवं होतं. सहाला घरी जायला लागले त्या पहिल्या संध्याकाळी बिट्टी दारात उभी होती, जागी. तिने माझी पर्स हातातून घेतली आणि मला आत ओढत नेलं. हे सगळं तुम्हाला सांगायचं राहून गेलं.’